इंजिनाची रजई

सोमवार, ४ एप्रिल

दुकानाला कुलूप लावून आज तीन महिने झाले. तीस वर्षं लोकांचे सोफे, खुर्च्या, गाद्या शिवल्या, आणि शेवटी उजव्या खांद्यानेच हात जोडले. डॉक्टर म्हणाले, जड काम बंद, हलकं काहीतरी करा, रोज चार ओळी लिहा. म्हणून ही वही. चार ओळी म्हणे! माझ्या तोंडाला कधी चार ओळी पुरल्यात?

तर आमच्या घरचा सध्याचा विषय म्हणजे लाँच. ह्यांनी निवृत्त झाल्या झाल्या एक जुनी लाँच घेतली. लोकांना तलावावर फिरवायचं आणि पक्षी दाखवायचे, अशी योजना. एकतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये बसलेला माणूस हा. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. ती ह्यांनी इतकी मनावर घेतली की घरातसुद्धा ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांवर सगळा संसार केला. पण पक्ष्यांचा विषय निघाला की ह्यांचा चेहरा बघावा. आवाज तेवढाच मऊ, पण बोलतात, चक्क बोलतात.

अडचण अशी की लाँचच्या मधोमध लाकडी पेटीत पेट्रोलचं इंजिन आहे आणि ते एकदा सुरू झालं की बाकी कुणाचं काही ऐकू येत नाही. काल आठ माणसं होती. हे सांगतायत आणि ती आपली, “काय? काय म्हणालात?” दोनदा सांगून पाहिलं, मग गप्प झाले. मला इतकं वाईट वाटलं ना!

आणि वेळ थोडा आहे. परवाना अजून तात्पुरता आहे. या महिन्यात जलवाहतूक कार्यालयाची माणसं येऊन एक फेरी करून बघणार. पास झालो तर परवाना कायम. नाहीतर जुना मालक एक मेपर्यंत लाँच परत घ्यायला तयार आहे, आणि वन्संच्या यजमानांनी त्यांच्या गोदामाच्या फाटकावर ह्यांच्यासाठी खुर्ची ठेवलीच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, दिवसभर, न बोलता. वन्सं म्हणाल्या, “त्याला जमेल ते काम.” सख्खी बहीण आहे म्हणून मी ऐकून घेतलं.

गुरुवार, ७ एप्रिल

सुचलं! मोटारीच्या सीटवर फोम आणि नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, घातला की आवाज कसा दबतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही. इंजिनाच्या पेटीला गलेफ शिवला. बाहेरून डाळिंबी रेक्झिन, आत दोन पदरी फोम, मध्ये नमदा. पेटीला बाजूने फटी आहेत, तिथूनच सगळा गोंगाट बाहेर येतो, म्हणून त्या जागी आतल्या बाजूने नमद्याच्या जाड पट्ट्या शिवल्या. हवा जाईल तर शपथ. कोपरे असे बसलेत की कुठे सुरकुती शोधून दाखवा.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “रजईच की ही.” म्हणजे नाव ठेवलं गेलं. खांदा दुखला का, म्हणून विचारलंत तर आठवतच नाही.

शनिवार, ९ एप्रिल

आज रजईची पहिली फेरी. काय सांगू! इंजिन दुसऱ्या खोलीत चालल्यासारखं वाटत होतं. हे बोलले आणि शेवटच्या बाकावरच्या आजोबांनी मान डोलावली. बगळ्यांचं सांगितलं, पाणकावळा पंख वाळवत का बसतो ते सांगितलं. ह्यांचे कान लाल झाले होते आनंदाने. मी रजईवर हात ठेवून बसले होते, मालकिणीसारखी.

पलीकडच्या काठाला अर्धा तास थांबलो, मंडळी उतरून हिंडून आली, आणि इंजिन चालूच होईना. स्टार्टर फिरतोय, खरखर करतोय, इंजिन मात्र ढिम्म. तासभर बसून राहिलो. मग आपणहून चालू झालं, जणू काही झालंच नाही.

रविवार, १० एप्रिल

आजही तेच. इकडून निघताना शहाण्यासारखं चालू होतं, तिकडे थांबलो की हटून बसतं. दोन माणसं वल्ही घेऊन बसली. हे नुसते “माफ करा, माफ करा” म्हणत होते. मिस्तरीला बोलवायचं ठरलं.

मंगळवार, १२ एप्रिल

मिस्तरी येऊन गेला. चांगला माणूस आहे, पण त्याचे हात म्हणजे कोपरापर्यंत ग्रीस. तो यायच्या आधीच मी रजई काढून चादरीत गुंडाळून घरी आणून ठेवली. डाळिंबी रंगावर एक बोट लागलं की झालं!

त्याने पेटी उघडली, चावी फिरवली, इंजिन एका झटक्यात चालू. बंद केलं, परत चालू केलं. दहा वेळा केलं. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी धडधाकट माणसाला स्ट्रेचरवर घालून आणलंय. “ताई, मला तर हे कधीच बंद पडून दाखवत नाही,” म्हणाला. उगाच आलोय असं नको म्हणून नवे प्लग घातले, कार्बोरेटर साफ केला आणि चहा घेऊन गेला.

शनिवार, १६ एप्रिल

प्लग नवे, कार्बोरेटर लख्ख, आणि इंजिन पुन्हा पलीकडच्या काठाला बंद. वन्सं मुद्दाम फेरीला आल्या होत्या. भर उन्हात तासभर बसल्या आणि एकदाही “मी सांगितलं होतं” म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं मला.

येताना मी नीट विचार केला. इंजिन चालतं तोवर ठीक असतं, थांबलं की अडतं. अहो, हे तर माझ्या खांद्याचं दुखणं! कामात असला की बरा, जरा विसावला की आखडतो, आणि शेक दिला की सुटतो. काठाला वारं केवढं असतं! बिचारं इंजिन थांबल्या थांबल्या गारठत असणार. याला ऊब कमी पडतेय, दुसरं काही नाही. रजई घरी आणली. आणखी एक पदर घालते.

रविवार, १७ एप्रिल

रजई मशीनवर उसवलेली, म्हणून हे आज तशीच लाँच घेऊन गेले. मी घरी पदर जोडत बसले. संध्याकाळी आले, म्हणाले, “आज पहिल्या झटक्याला चालू झालं. तिकडे.” म्हटलं, प्लगांचा गुण आला म्हणायचा एकदाचा!

हे मशीनपाशी येऊन रजईकडे बघत उभे राहिले. पदरावर बोट फिरवलं. “अजून जाड करतेस?”

“मग काय! अशी ऊब देते की बघाच.”

“हं,” म्हणाले. तोंड उघडलं, परत मिटलं. मग “बरं” म्हणाले आणि आत जाऊन स्वतः चहा केला. माझ्यासाठीही आणला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पातेलं कुठल्या फळीवर असतं हे ह्यांना माहीत होतं याचंच मला नवल वाटलं.

बुधवार, २० एप्रिल

आज फार चिडलेय. पलीकडे पोचलो तशी ह्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? माझी रजई पेटीवरून काढली, गवतावर अंथरली आणि त्यावर लोकांना बसवलं! एका बाईने वर बिस्किटं खाल्ली. मी म्हटलं, “अहो, ती काय सतरंजी आहे?” तर म्हणतात, “दमली होती माणसं.” दमायला काय झालं, बसून तर आली होती!

एक मात्र खरं, इंजिन लगेच चालू झालं. त्या प्लगांना मानलं पाहिजे.

शनिवार, २३ एप्रिल

आज परत. यावेळी म्हणाले, “जरा ऊन दाखवतो तिला.” कोरडी ठणठणीत रजई! घरी येऊन न्हाणीघरात जाऊन रडले. आता लक्षात आलं माझ्या. ह्यांना ती आवडतच नाहीये. लोकांसमोर लाज वाटते असणार, म्हणून संधी मिळाली की बाजूला करतात आणि तोंडाने सांगत नाहीत. तीस वर्षं लोक माझ्या हातचं काम बघायला लांबून यायचे, आणि माझ्याच घरात ही किंमत!

बुधवारी तपासणी आहे. त्या दिवशी रजई हलली नाही पाहिजे. पेटीच्या कडेला जाड कापडी पट्टी ठोकली आणि बारा बटणं घालून रजई तिलाच शिवून टाकली, मेणाच्या दोऱ्याने, चार-चार वेढे. आता काढून दाखवा म्हणावं.

बुधवार, २७ एप्रिल

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

तपासणीला बाई आल्या होत्या. उंच, गंभीर, गळ्यात शिट्टी, हातात फळी आणि कागद. जाताना सगळं झकास. हे बोलत होते, साहेबबाई ऐकत होत्या, एकदा तर हसल्यासुद्धा. पलीकडे पोचलो. ह्यांचा हात रजईकडे गेला, बटणं दिसली, आणि हात तिथेच थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी मान ताठ ठेवली.

वीस मिनिटं थांबायचं असा नियम. वीस मिनिटांनी ह्यांनी चावी फिरवली. खरखर. परत खरखर. साहेबबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात मिस्तरी आला. त्याच काठावर कुणाचा तरी पाण्याचा पंप दुरुस्त करत होता आणि परतताना आमच्याबरोबर येणार होता. लाँचमध्ये पाय टाकला आणि जागीच थांबला. “हे काय? ताप आलाय का इंजिनाला? पांघरूण कुणी घातलं?”

मी म्हटलं, “मी घातलं. आवाज कमी व्हावा म्हणून. शिवाय ऊब.”

“ऊब?” त्याने डोक्याला हात लावला, ग्रीससकट. “ताई, इंजिन चालू असतं तोवर तलावाचं पाणी आतून फिरतं आणि त्याला गार ठेवतं. बंद केलं की पाणी थांबतं. आतली उष्णता जाणार कुठे? उलट पंधरा-वीस मिनिटं वाढतच जाते. पेट्रोलचा पाइप शेजारूनच गेलाय. त्यातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप पेट्रोल ओढायला जातो आणि हाती लागते वाफ. तासाभराने निवलं की परत चालू. आणि तुम्ही फटी बुजवून वर तीन पदरी रजई! पेट्रोलची वाफ अशी कोंडून ठेवायची नसते हो, पेट घेईल एखाद दिवशी. पण मला ही कधी दिसली कशी नाही?”

दिसणार कशी? मीच तर घडी घालून लपवत होते, त्याच्या हातांच्या भीतीने.

माझे कान तापले. आणि मग एकेक आठवायला लागलं. गवतावर अंथरलेली रजई. ऊन दाखवलेली रजई. तो चहा! मी ह्यांच्याकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं?”

“हं.”

“कधीपासून?”

“रविवारपासून. सतरा तारखेच्या.”

“आणि बोलला नाहीत?”

मी पर्समधून कात्री काढली. कात्री नसलेली माझी पर्स अजून कुणी पाहिलेली नाही. बारा बटणं कापली. मेणाचा दोरा, चार-चार वेढे, स्वतःलाच शिव्या घालत कापली. रजई ओढून काठावर फेकली. मिस्तरीने पेटी सताड उघडली, पंपावर आणि पाइपवर ओली फडकी टाकली, सगळ्यांना लांब बसायला सांगितलं. वीस मिनिटांनी वाफ पुरती विरलीय याची खात्री केली आणि चावी फिरवली. इंजिन चालू.

साहेबबाईंनी कागदावर शिक्का मारला. नापास. मी वाद घालायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “एक फेरतपासणी मिळते. शनिवारी, महिनाअखेर. इंजिन गरम असताना दोनदा बंद करून दोनदा चालू करून दाखवायचं. आणि ती रजई मला लाँचवर दिसता कामा नये.”

घरी आल्यावर मी ह्यांना समोर बसवलं. म्हटलं, आज ‘हं’ चालणार नाही. ह्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, “तू शिवताना गुणगुणत होतीस. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, इंजिनाचं काहीतरी बघता येईल, तुझं गुणगुणणं परत बंद पडलं तर काय करायचं?”

मी गुणगुणत होते? मला खरंच ठाऊक नाही.

“अहो, परवाना गेला असता! गोदामाच्या फाटकावर बसला असतात जन्मभर!”

“बसलो असतो,” म्हणाले.

मी उठून आत गेले. तांदळाच्या डब्याशी उभं राहून पोटभर रडले. एवढं प्रेम करायचं, आणि एक वाक्य बोलायचं नाही! काय करावं या माणसाचं?

शुक्रवार, २९ एप्रिल

दोन दिवस मिस्तरी, हे आणि मी धक्क्यावरच. इंजिनावरचा जुना पंप काढला. आता टाकीपाशी, खाली गार जागेत, विजेवर चालणारा छोटा पंप बसवलाय. तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो, त्यामुळे वाफ धरायला जागाच कमी. पाइप धुराच्या नळीपासून लांब, दुसऱ्या बाजूने नेला. इंजिनाची उष्णता वर चढू नये म्हणून कार्बोरेटरखाली जाड गॅस्केट घातलं. पेटीच्या फटी मोकळ्या केल्या आणि ठिणगी न उडणारा पंखा लावला, तो इंजिन चालू करण्याआधी आणि बंद केल्यावर पाच मिनिटं आतली हवा बाहेर फेकतो.

आणि मिस्तरी म्हणाला, “ताई, पाइपला उष्णता अडवणाऱ्या कापडाची बाही शिवाल का? बाजारातली ढगळ असते.” शिवाल का म्हणे! अशी बसवलीय की पाइपाला मापाचा कुर्ता. शिवताना यावेळी मी कान देऊन ऐकलं. गुणगुणते की खरंच, आणि बेसूर.

पण रजई गेली तसा गोंगाट परत आला. आज रिकामी फेरी मारून पाहिली. ह्यांनी काहीतरी सांगितलं आणि मी, मीच, म्हणाले, “काय? काय म्हणालात?” पास झालो तरी काय उपयोग, हे मी मोठ्याने म्हणाले नाही. वहीत लिहितेय.

शनिवार, ३० एप्रिल

साहेबबाई, त्यांचे दोन सहकारी, मिस्तरी, वन्सं आणि आम्ही दोघं. ऊन कडक. पलीकडच्या काठाला वीस मिनिटं थांबलो. चावी फिरवली, पहिल्या झटक्याला चालू! वन्संनी टाळी वाजवली. मग काय झालं कुणास ठाऊक, इकडेतिकडे बघून तेच हात साडीला पुसले, जणू टाळी वाजवलीच नव्हती.

दुसरी वेळ धक्क्यावर परत आल्यावर घ्यायची ठरली होती. पण तलावाच्या मधोमध आलो आणि ह्यांनी इंजिन बंद केलं. आपणहून. सगळे दचकले. मिस्तरीने डोळे मिटले. साहेबबाई म्हणाल्या, “इथे? इथे चालू नाही झालं तर?”

“होईल,” हे म्हणाले. “तोवर जरा ऐका.”

आणि केवढी शांतता! पाणी लाँचच्या पोटावर हलकेच आपटत होतं, तेवढंच. ह्यांनी आवाज अजिबात चढवला नाही. नेहमीच्या त्या मऊ आवाजात सांगायला लागले आणि शेवटच्या बाकावर मला शब्द न् शब्द ऐकू आला. शेजारच्या उथळ पाण्यातल्या लव्हाळ्यात टिबुकलीचं, त्या छोट्या पाणपक्ष्याचं, तरंगतं घरटं होतं. म्हणाले, ती घरट्यातून उठते तेव्हा अंड्यांवर पाणवनस्पतीचं पांघरूण घालून जाते. घाईत असली तरी घालते. साहेबबाईंनी विचारलं, “कशासाठी?”

“कुणाला दिसू नयेत म्हणून. थोडी ऊब राहावी म्हणूनही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अंड्यांना चालतं ते.”

मिस्तरी तर लाँच हलेल इतका हसला. वन्संही हसल्या. मी तोंडाला पदर लावला, पण हसूच आवरेना.

हे वीस मिनिटं बोलले. एकतीस वर्षांत एवढं कुणी ऐकलं नसेल ह्यांच्याकडून. वन्सं तोंड उघडं ठेवून भावाकडे बघत होत्या, जणू आज पहिल्यांदाच पाहत होत्या. मग पंखा लावला, थांबलो, चावी फिरवली. इंजिन चालू. साहेबबाईंनी ‘पास’चा शिक्का मारला आणि म्हणाल्या, “फेरीत हे मधलं थांबणं रोज ठेवा. मी आईला घेऊन येणार आहे.”

मला इतका आनंद झालाय की लिहिताना अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आता संध्याकाळचे सात वाजलेत. मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसलेय आणि हे बाहेरच्या खोलीतून बोलतायत. पाणकोंबडीबद्दल. घरी आल्यापासून दीड तास झाला, अजून बोलतायत. बटाटे चिरायचेत, डोकं भणभणलंय, आणि त्यांनी थांबू नये म्हणून मी दर दोन मिनिटांनी इथूनच “हं” म्हणतेय.